मोंतेरोल्लोच्या खाणावळीतलं मीठ

फेर्रारा, २२ ऑक्टोबर १९६२

प्रिय देर्ना,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटेल, नकाशेवाले काका काहीतरी विसरून गेले असणार. तसं नाही. टोपी, छत्री, नमुन्यांची पेटी, सगळं माझ्याबरोबर सुखरूप घरी पोचलं.

चौदा वर्षं झाली, वर्षातून दोनदा मी तुमच्या खोऱ्यात येतो, शाळांना नकाशे आणि काळे फळे विकतो आणि तीन दिवस तुमच्याकडे जेवतो. वर्षभरात चाळीसएक गावं होतात आणि चाळीसएक खाणावळी. माझी बहीण म्हणते, "तू लग्न केलं नाहीस, खाणावळींशीच संसार मांडलास." तसं असेल तर त्यातली पट्टराणी मोंतेरोल्लोची. हे मी तुझ्या बाबांसमोर कधी बोललो नाही, नाहीतर सांतेने ते पाटीवर रंगवून दारात टांगलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. तीन दिवस मी गिळून बसलो होतो, रागावू नकोस. या खेपेला पहिल्या दिवशी सूप खारट होतं. दुसऱ्या दिवशीच्या सशाला मीठच नव्हतं आणि त्यातली वाइन कच्ची लागत होती. तिसऱ्या दिवशी तालियातेल्लेच्या, त्या तुमच्या रुंद शेवयांच्या, रश्शात कांदा करपलेला होता, आणि तो लपवायला की काय, जायफळ मूठभर घातलेलं. मी सगळं खाल्लं. पाव फिरवून ताटही पुसलं. पण शेवटी तुझी आई दारात आली नाही. दरवेळी येते, ॲप्रनला हात पुसत, कुणाला काही विचारत नाही, नुसती ताटात डोकावते आणि आत जाते. तिन्ही दिवस ती आली नाही.

बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात आलं, की आत आर्जियाबाई नव्हत्याच. त्या आजारी आहेत आणि तू एकटी सांभाळते आहेस. विचारायचं धाडस झालं नाही, सांते पत्ते पिसत हसत होता. तसं असेल तर मला कळव. आणि स्वयंपाक तू केला असशील, तर माझं वरचं सगळं बोलणं मागे घेतो. नव्या हाताला वेळ लागतोच.

तुझा,
लेआर्को झानोतेल्ली


मोंतेरोल्लो, २९ ऑक्टोबर

लेआर्कोकाका,

आई ठणठणीत आहे. तिन्ही दिवस आतच होती. तुमचं सूप, तुमचा ससा, तुमचे तालियातेल्ले तिनंच केले. मी कोण करणारी? आमच्याकडे कणकेला हात लावायचा हक्क मला नाही, छत्तीस वर्षांची झाले तरी. "तुझा हात जड आहे," हे मी बारा वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. मी ताटं नेते आणि ताटं आणते. माझा जड हात ताटं मात्र फोडत नाही.

ती बाहेर आली नाही कारण गर्दी होती. कांदा करपला म्हणता, बाकी कुणी काही म्हणालं नाही. पोस्टमन जेवला, डॉक्टर जेवले, नोटरी बायको-मुलांसह जेवले. बाबा रोज दोनदा जेवतात आणि रोज म्हणतात, "आर्जिया, आज तर कमाल केलीस." तेव्हा चाळीस गावांचं पाणी पिऊन तुमचीच जीभ बिघडली असेल, तेवढं एकदा दाखवून घ्या. साठीला आलात.

आवडलं नव्हतं तर तिथंच बोलायचं होतं. ताट पुसून खायचं आणि घरी जाऊन पत्र लिहायचं, ही कुठली रीत? तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं होतं, ते उचलून पेटीत टाकलं. आईच्या हाती पडू देणार नाही.

मार्चमध्ये याल तेव्हा टेबल ठेवीन. तेवढं ठेवीन.

देर्ना


मोंतेरोल्लो, ४ नोव्हेंबर

लेआर्को,

मी आर्जिया लिहिते आहे. शाळेत तिसरीपर्यंत गेले, तेव्हा चुका निघतील. त्या मोजू नका.

तुमचं पत्र टेबलावर होतं. देर्ना अंगणात कपडे वाळत घालत होती. मी वाचलं. दोनदा वाचलं.

तुमच्या जिभेला कळलं ते खरं आहे.

एप्रिलमध्ये मी तळघराच्या पायऱ्यांवरून पडले. बटाटे आणायला गेले होते, पायरी ओली होती. डोकं मागून आपटलं. किती वेळ तिथं बसले ठाऊक नाही. मग उठले, बटाटे गोळा केले आणि वर आले. सांतेला सांगितलं, डोकं दुखतंय. तो म्हणाला, हवा बदलते आहे.

आठवड्याने कळलं. सकाळी कॉफी केली तर नुसतं गरम पाणी. कांदा नाकाशी धरला, काही नाही. व्हिनेगरची बाटली धरली, डोळ्यांतून पाणी आलं पण वास नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात गेले, तिथंही नाही. मीठ जिभेला टोचतं तेवढं कळतं. बाकी सगळं म्हणजे कापूस चावल्यासारखं. म्हणून हात परत परत मिठाकडे जातो. मग आठवण होते आणि पुढच्या दिवशी भीतीने घालतच नाही. कांदा पूर्वी मला नाकानं सांगायचा की झाला. आता डोळ्यांनी बघते, आणि डोळेही एकसष्ट वर्षांचे आहेत.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. सांतेला नाही, पाद्रीबाबांना नाही. देर्नाला तर मुळीच सांगायचं नाही. ती चांगली मुलगी आहे पण तिच्या हाताला चव नाही. मी गेले कामातून तर ही खाणावळ बंद झाली समजा. एकतीस वर्षं मी ती चालवली आहे.

बाहेर आले नाही कारण तुमच्या ताटात बघायची भीती वाटली. तुम्ही खोटं खोटं खाणाऱ्यांपैकी नाही. पण खाल्लंत.

आता एक काम करा. चौदा वर्षं जेवला आहात. मला नीट लिहा, कशात काय आणि किती जास्त होतं, काय कमी होतं. शिष्टाचार नको. मी तुमच्या कागदावरून करीन. पाकिटावर तंबाखूवाल्या नोर्माचं नाव घाला, ती मला देईल, ती विचारत नाही.

आणि शब्द द्या, की कुणाला सांगणार नाही.

आर्जिया


फेर्रारा, ९ नोव्हेंबर

आर्जियाबाई,

शब्द दिला.

तुमचं पत्र वाचून मी सबंध दुपार खुर्चीत बसून होतो. बहिणीने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "कुणी नाही." पण वाटत तसंच होतं.

सांगितलंत तसं लिहितो. सुपात जे मीठ घालत असाल त्याच्या निम्मं. ससा: वाइन घातल्यावर झाकण काढून ठेवा, तुम्ही घाई केलीत. रश्शाचा कांदा तुमचा नेहमी मधाच्या रंगाचा असे, या वेळी तपकिरी होता, म्हणजे रंग बदलायला लागला की लगेच उतरवायचा. जायफळ: पूर्वी ते आहे की नाही असा प्रश्न पडायचा, आता त्याच्याशिवाय काही उरलं नव्हतं. किसणीवर चार वेळा फिरवा आणि हात मागे घ्या. कणीक मात्र तशीच आहे, तिला काही झालेलं नाही. ती तुमच्या बोटांत आहे.

डॉक्टरला दाखवा, एवढं मात्र म्हणू द्या. बोलोन्याला नाक-कानाचे मोठे डॉक्टर आहेत म्हणतात.

आणि देर्नाबद्दल: तुमच्यापेक्षा मला काय कळणार? पण तुम्ही शेवटचं तिला काही शिजवू दिलंत ते कधी?

लेआर्को


मोंतेरोल्लो, १८ नोव्हेंबर

लेआर्कोकाका,

माझं मागचं पत्र विसरा. ते लिहून टपालाच्या पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी हात आत घालून परत काढावंसं वाटलं. तुम्ही खरं लिहिलं होतं म्हणून मी चिडले.

आईची जीभ गेली आहे. वय झालं, दुसरं काय. मला मे महिन्यापासून माहीत आहे. ताट बाहेर नेताना दाराआड मी बोट बुडवून चाखते. अळणी असेल तर खिशातल्या पुडीतलं मीठ टाकते, खारट असेल तर उकळतं पाणी. आई पाठमोरी असली की पातेल्यातसुद्धा टाकते. तिला कळलेलं नाही. तिला कळलं तर ती मरेल काका, खरंच मरेल. तिच्याकडे दुसरं आहे काय? तुम्ही आलात त्या दिवशी सुपात मी घातलं, आणि बहुतेक मी वळल्यावर तिनंही पुन्हा घातलं. म्हणून तसं झालं. आणि सशाचं ताट बाबांनीच बाहेर नेलं, मला चाखता आलं नाही. सगळ्यांत चोखंदळ गिऱ्हाईक नेमकं त्या दिवशी यायचं होतं!

आता नवीनच. गेल्या आठवड्यापासून तिनं अचानक मीठ निम्मं केलं आहे. जायफळ तर मोजून चार वेळा फिरवते, ओठ हलवत मोजते, मी पाहिलं. मला वाटलं देवाला दया आली, तिची जीभ परत आली. पण परवा दूध नासलं होतं, सबंध खोलीत घाण सुटली होती, आणि ती तेच कॉफीत ओतून प्यायली. कसं समजायचं?

मी दमले आहे. दिवसभर चोरासारखी हिंडते. त्यात या गॅसच्या शेगडीचं एक. कधी कधी सकाळी खाली आले की गॅसचा भपकारा येतो. सिलिंडरवाला म्हणतो नळी जुनी झाली, नाताळनंतर नवी आणतो. मी आईला विचारलं, "तुला वास येत नाही का गं?" तर म्हणे, "कसला वास? तुझ्या या लोखंडी बयेचं सगळं नाटकच." तिचा जीव जुन्या चुलीवर, म्हणून मी फारसं मनावर घेत नाही. सकाळी पाचला एकटीच खाली असते, आपली काडी ओढते आणि कॉफी ठेवते.

हे सगळं तुमच्यापाशी. तिला कळता कामा नये. शब्द द्या.

देर्ना


तार. फेर्रारा, २१ नोव्हेंबर १९६२

देर्ना. आईला वास येत नाही एप्रिलपासून. सिलिंडर ताबडतोब बंद कर. पत्र मागून. लेआर्को.


मोंतेरोल्लो, २५ नोव्हेंबर

झानोतेल्ली,

तुमचं पत्रही आलं. त्यात चार पानं कारणं आहेत. मी एक वाचलं आणि सगळं फाडून टाकलं.

तुमची तार कुणाच्या हातात पडली ते सांगते. देर्ना मागे होती. दुपारचे चार वाजले होते, पत्त्यांची वेळ. आठ माणसं बसली होती. सांतेने तार घेतली आणि चष्मा नाही म्हणून नोटरीला दिली, आणि नोटरीने ती मोठ्याने वाचली. कोर्टात वाचतात तशी. "आईला वास येत नाही." मी दारात उभी होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लोहाराने पत्ते खाली ठेवले. मग तो म्हणाला, "तरीच ऑगस्टात तो ससा." आणि कुणीतरी हसलं.

एकतीस वर्षं त्यांना खाऊ घातलं मी. युद्धात चेस्टनटच्या पिठाचे तालियातेल्ले केले, तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

देर्ना धावत आली, सिलिंडर बंद केला. नळीवर साबणाचं पाणी फासलं. शेगडीच्या मागे, जिथं ती भिंतीला घासते, तिथं बुडबुडे आले. बारीक, एकामागोमाग एक. थांबेनात. खिडक्या रात्रभर उघड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी काडी ओढणार होते, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही.

पण तुम्ही मला शब्द दिला होता. आणि मला ठाऊक नव्हतं की माझी मुलगीसुद्धा तुम्हाला लिहिते आहे. दोघींची गुपितं घेऊन बसला होता तिकडे. मला लिहायचं होतं आधी, मी नळी बदलून घेतली असती. एक दिवस उशीर झाला असता, एवढंच ना? झाला असता तो झाला असता.

या घरात तुमचं टेबल आता दुसऱ्याला दिलं आहे.

आर्जिया


फेर्रारा, २ डिसेंबर

आर्जियाबाई,

तार सगळ्यांसमोर वाचली जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो.

शब्द मोडला त्याबद्दल मागत नाही. टपालकचेरीच्या बाकावर बसून मी दोन मिनिटं विचार केला. तुम्ही रागावाल हे ठाऊक होतं. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा तीच तार करीन.

कंपनीला लिहिलं आहे, की मार्चपासून तुमचं खोरं दुसऱ्या माणसाला द्या. तो तरुण आहे, चांगला जेवतो. त्याला सांगितलं आहे की मोंतेरोल्लोत उतर.

लेआर्को


मोंतेरोल्लो, १४ जानेवारी १९६३

लेआर्कोकाका,

दोन महिने होत आले, लिहिलं नाही. आधी वेळ नव्हता आणि मग काय लिहावं कळेना.

तार आली त्या संध्याकाळी आईने ॲप्रन काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि वर जाऊन झोपली. नऊ दिवस ती खाली आली नाही. खायला नेलं की भिंतीकडे तोंड. बाबा दाराबाहेर उभे राहून म्हणायचे, "आर्जिया, मला तर सगळं छानच लागत होतं गं." आतून आवाज यायचा, "म्हणूनच तर!"

खाणावळ बंद ठेवावी म्हटलं तर बाबा म्हणाले, "तू कर." मी केलं. पहिल्या दिवशी सहा माणसं आली, बघ्यांसारखी. लोहार होता. मी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाले, "हसायचं असेल तर आधी हस, मग खा." तो खाली मान घालून जेवला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

कालवण मला जमत होतं, कारण मी सात महिने तेच तर दुरुस्त करत होते. कणीक जमत नव्हती. नवव्या दिवशी मी फळीवर लाटत होते, पीठ सारखं आकसत होतं, मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात मागून आवाज, "पाणी कमी पडलंय." आई दारात. गाउनवर शाल, केस सुटलेले. "तुला कसं कळलं? बघितलंस कुठे?" तर म्हणे, "वरपर्यंत ऐकू येतंय. लाटणं फळीवर आपटतंय. मऊ पिठावर आपटत नाही. नऊ दिवस ऐकते आहे मी हा कहर." आणि मला कोपरानं बाजूला सारून तिनं पीठ हातात घेतलं.

मग आम्ही भांडलो. तुम्हाला काय सांगू! सगळं निघालं. ती म्हणाली, "माझ्या पातेल्यात चोरून मीठ घालत होतीस!" मी म्हणाले, "तू पायऱ्यांवरून पडलीस आणि बोलली नाहीस! डोक्याला मार लागला आणि बटाटे गोळा केलेस!" ती म्हणाली, "सूप खारट झालं ते तुझ्यामुळे!" मी म्हणाले, "तुझ्यामुळे!" बाबा मध्ये पडले, "दोघींमुळे झालं असेल," आणि आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो. मग कोण आधी हसलं आठवत नाही. आई जमिनीवरच बसली. हसता हसता रडायला लागली, आणि मी तिला आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता ती कणीक करते आणि मी चाखते. ती चमचा पुढे करते, मी सांगते. कधी म्हणते, "नीट चाख, घाई करू नकोस." आधी महिनाभर तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, दाराआडून पोस्टमनला विचारायची. आता विचारत नाही. शेगडी फक्त मी पेटवते. नळी नवी आहे.

तुमचं नाव मात्र काढलं की उठून जाते. तुमचं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा वाचलं आणि खिशात ठेवलं. फाडलं नाही, एवढं मी पाहिलं.

१२ फेब्रुवारीला मी तिला बोलोन्याला डॉक्टरकडे नेते आहे. तिथून फेर्रारा तासाभराचं. तुम्ही सहज म्हणून स्टेशनवर आलात तर? तोंडासमोर आलात की तिला जाता येणार नाही.

देर्ना


फेर्रारा, २२ जानेवारी

प्रिय देर्ना,

मी येणार नाही. तिला एकदा सगळ्यांसमोर कोंडीत पकडलं, तेवढं पुरे. ते दुसऱ्यांदा माझ्याकडून व्हायला नको. डॉक्टर काय म्हणाले ते लिही. प्रवासात तिला गरम ठेव, बोलोन्याच्या चौकांत वारा फार असतो.

आणि लोहाराला जे बोललीस, ते मी बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या मुलीला मला भेटायचं आहे."

तुझा,
लेआर्को


मोंतेरोल्लो, १५ फेब्रुवारी १९६३

लेआर्को,

राग गेला नाही. थोडा आहे. तो राहू दे, तो माझा आहे. पण त्या तरुण माणसाला आमचं खोरं देऊ नका. मार्चमध्ये तुम्हीच या.

देर्ना म्हणाली तुम्हाला स्टेशनवर बोलावलं होतं आणि तुम्ही नाही म्हणालात. ते ऐकून मी हे लिहायला बसले.

डॉक्टर पोरगेला होता, हात गार. त्याने डोळे मिटायला लावले आणि एकेक बाटली नाकाशी धरली. मी म्हणत गेले, पाणी, पाणी, पाणी. डोळे उघडले तर समोर कॉफी, लवंग, रॉकेल. म्हणाला, डोक्याच्या आत वासाच्या शिरा असतात, त्या तुटल्या. दहा महिने झाले, आता जुळणार नाहीत. मी विचारलं, "एखादी तरी?" तो म्हणाला, "आशा ठेवू नका बाई." चांगलं केलं त्याने. बाहेर आल्यावर देर्ना भिंतीला टेकून रडली. मला रडू आलं नाही, भूक लागली होती.

आमची बस तीनला. स्टेशनमागे एक खाणावळ दिसली. सहा टेबलं. नवरा वाढत होता, सासू कोपऱ्यात घेवड्याच्या शेंगा सोलत होती, बायको आत. मी दारातच थांबले. लेआर्को, एकसष्ट वर्षांत मी कुणाच्या खाणावळीत बसून जेवले नव्हते. घरी तर उभ्यानेच जेवते. बसल्यावर हात कुठे ठेवायचे कळेना. तो नवरा पाव घेऊन आला तर मी उठायलाच लागले, त्याच्या हातातून घ्यायला. देर्नाने खाली बसवलं. "आई, तू गिऱ्हाईक आहेस." मला वाटलं तुम्ही चाळीस गावांत हे कसं करता? परक्या माणसाने पुढे ठेवायचं आणि आपण नुसतं खायचं!

सूप आलं, त्यात सारण भरलेल्या कणकेच्या तोर्तेल्लीनी. आमच्याकडच्या तसल्याच काप्पेल्लेत्तीहून लहान, करंगळीच्या टोकाएवढ्या. मी खाल्ल्या. कणीक चांगली होती, ते दातांना कळलं. बाकी कापूस. मी देर्नाला म्हणाले, "सांग."

"चांगलं आहे."

"चांगलं काय? नोटरीसारखं बोलू नकोस. सांग."

मग तिनं चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले. म्हणाली, "कोंबडी म्हातारी आहे, ते बरं आहे. बैलाचं हाड आहे, नळीचं. सुकलेल्या चीजची साल टाकली आहे उकळताना. जायफळ आपल्यापेक्षा जास्त, पण शेवटी घातलंय, म्हणून डोक्यात जात नाही. आणि एकदा जोरात उकळी आलीय याला, आली नसती तर बरं झालं असतं." मी वाडग्यात बघितलं. सूप गढूळ होतं. उकळी आलीच होती. तिनं ते बघून सांगितलं नव्हतं, डोळे मिटलेले होते.

मी म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "तू. बारा वर्षांची असल्यापासून तुझ्या पातेल्यांचे तळ मीच पुसून खाते आहे. तुला वाटायचं मी भांडी घासते."

मी पुन्हा चमचा उचलला. खात राहिले. ती मध्ये मध्ये सांगत होती, कशाला काय लागतंय, आणि मी ऐकत खात होते. सबंध वाडगा संपवला. एप्रिलपासून मी पोटभर जेवले नव्हते, हे तिथं बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

मग त्या घरची बायको बाहेर आली. तिशीची असेल, पोटुशी होती, कपाळाला पीठ. सहाही टेबलं भरलेली होती. ती आमच्या टेबलाशी थांबली, आधी वाडग्यात बघितलं आणि मग माझ्याकडे. म्हातारी आहे, हिला कळत असेल, असं तिला वाटलं असणार. म्हणाली, "कसं झालंय, मावशी?"

देर्ना घाईघाईने बोलायला गेली. तिला वाटलं, आता मी उठून जाईन. मी तिच्या हातावर हात ठेवला.

मी म्हणाले, "मला चव कळत नाही गं. मी पडले तेव्हा गेली." मोठ्याने म्हणाले. शेजारचे दोघं वळून बघायला लागले, बघू दे म्हटलं. "ही माझी मुलगी. तिला विचार. आमच्या खाणावळीत आता तीच सांगते."

आर्जिया